आकाशातील पंगत आणि तिची वेळ

मुंबईहून युरोप आणि अमेरिकेकडे जाणारी पुष्कळशी विमाने मध्यरात्र उलटल्यानंतरच सुटतात. आणि ज्या गृहस्थाने संध्याकाळी आठाच्या सुमारास घरी वरणभात जेवून, बॅगांची वजने दोनदोनदा करून, पारपत्र, तपासणी आणि झडती यांचे सारे सोपस्कार उरकून अखेर आपल्या अरुंद आसनावर पाठ टेकलेली असते, त्याच्या पुढ्यात पहाटे साडेतीन-चारच्या घटकेला, म्हणजे त्याच्या गावी पहिला कोंबडाही आरवलेला नसतो अशा वेळी, पुलाव, पनीरची भाजी, डाळ, पाव, लोणी आणि एखादा गोड पदार्थ असे चौरस जेवण येऊन ठेपते. भूक नसताही तो जेवतो. कारण तिकिटाच्या पैशांत हे अन्न आलेले असते, शेजारचा जेवत असतो, पुढचे अन्न केव्हा मिळेल याची शाश्वती नसते, आणि समोर आलेल्या अन्नाला नाही म्हणू नये हा संस्कारही आपल्या मनावर प्रबळ असतो. अशा प्रवाशांत अलीकडे मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला निघालेली साठी-सत्तरीची जोडपी फार दिसतात, आणि त्यांच्यापुरता हा प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही, तो प्रकृतीचा होतो. ही वेळ कोणी ठरवली, कोणत्या हिशेबाने ठरवली, आणि ती याहून निराळी ठरवता येईल की नाही, याचा विचार मला म्हणूनच अगत्याचा वाटतो.

लांब पल्ल्याच्या विमानातील भोजनाचा सर्वमान्य दस्तूर असा आहे की, विमान सुटल्यावर तासा-दीड तासाने पहिले मोठे जेवण द्यावे आणि उतरण्यापूर्वी दोन-अडीच तास दुसरे, बहुधा हलके, जेवण द्यावे. प्रवास बारा तासांहून मोठा असेल तर मध्यंतरी कधीतरी सँडविच, बिस्किटे किंवा एखादे फळ ठेवावे. म्हणजेच येथे भोजनाची वेळ सूर्यावरून ठरत नाही, भुकेवरून ठरत नाही, निघालेल्या गावच्या किंवा पोहोचायच्या गावच्या घड्याळावरूनही ठरत नाही. ती प्रवासाच्या दोन टोकांवरून मोजली जाते. विमान दुपारी सुटो वा मध्यरात्री, पूर्वेस जावो वा पश्चिमेस, हा शिरस्ता थोड्याफार फरकाने तोच राहतो, आणि माझ्या मते सगळ्या गैरसोयीचे मूळ या एकसारखेपणातच आहे.

तरीही हा शिरस्ता कोणाच्या लहरीतून जन्मलेला नाही, आणि त्यामागची यंत्रणा समजून घेतल्यावाचून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. विमानात स्वयंपाक होत नाही. विमानतळाच्या आसपास उभारलेल्या प्रचंड मुदपाकखान्यांत अन्न शिजते, शिजताच थंड हवेच्या झोताखाली पाच अंश सेल्सियसच्या आसपास उतरवले जाते, त्याच थंडाव्यात लहान लहान पात्रांत भरले जाते आणि ट्रॉलींत रचून, वर उचलता येणारी पेटी असलेल्या ट्रकांतून विमानाच्या दाराशी नेले जाते. विमानातील गॅली म्हणजे वस्तुतः शीतपेट्या, पाणी उकळण्याची यंत्रे आणि चार-सहा भट्ट्या यांचे कोंदट दालन. तेथे त्या पात्रांना पुन्हा ऊब देण्यापलीकडे काही करता येत नाही. ही ऊब एकदाच द्यायची, तापवलेले अन्न पुन्हा थंड करून ठेवायचे नाही, हा आरोग्यशास्त्राचा दंडक आहे; म्हणून एकदा भट्ट्या पेटल्या की तीनशे माणसांची पंगत एकदमच उठवावी लागते. विमान वर चढत असताना परिचारकांनाही पट्टे बांधून बसावे लागते. ते स्थिर झाल्यावर अन्न तापण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. त्यातच पेये वाटली जातात. आणि अशा रीतीने पहिला घास प्रवाशाच्या हाती येईपर्यंत तास-दीड तास आपोआप सरतो. दुसऱ्या टोकाचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो. उतरण्याच्या अर्ध्या तासापूर्वीच विमान खाली झुकू लागते, तोवर प्रत्येक ट्रॉली आपल्या खणात कुलूपबंद झालेली असावी लागते, आणि तीनशे ट्रे वाटून, खाऊ देऊन, परत गोळा करून ते साधायचे तर दोन-अडीच तासांपूर्वी आरंभ करण्यावाचून गत्यंतर नसते. मधल्या काळात दिवे मंद होतात आणि सेवकवर्गापैकी निम्मे लोक विमानाच्या शेपटीकडे किंवा छताखाली केलेल्या अरुंद बिछान्यांवर आळीपाळीने विसावा घेतात; चौदा-सोळा तास जागून, संकटप्रसंगी तीनशे जीवांना बाहेर काढण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्या या विश्रांतीबद्दल कोणी कुरकुर करू नये.

मध्यरात्रीचे प्रयाणही असेच सकारण आहे. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात नियमित विमानांच्या येण्याजाण्यास मनाई आहे, लंडनच्या हीथ्रोवर रात्रीच्या विमानांची संख्या मोजून ठरवलेली आहे, आणि युरोपातील मोठ्या ठाण्यांवरून पुढची विमाने सकाळी सुटत असल्याने मुंबईच्या प्रवाशाला तेथे सकाळीच उतरवणे सोयीचे पडते. नऊ तासांचा प्रवास आणि घड्याळातील साडेतीन-साडेचार तासांची तफावत हिशेबात धरली म्हणजे मुंबईची रवानगी मध्यरात्रीनंतरच करावी लागते. युरोपातील नगरवासीयांच्या झोपेसाठी केलेली ही तजवीज रास्तच आहे. फक्त तिची किंमत मुंबईच्या सहार विमानतळावर ताटकळणारा प्रवासी आपल्या झोपेने भरतो.

प्रारंभीच्या काळात हा प्रश्न नव्हता. ऑक्टोबर १९१९ मध्ये हँडली पेज कंपनीच्या लंडन-पॅरिस विमानात तीन शिलिंगांना खाद्यपदार्थांची पेटी मिळू लागली, तेव्हा प्रवासच दोन-तीन तासांचा होता आणि जेवणाच्या वेळेचा विचार करण्यास निमित्तही नव्हते. पुढे १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनपासून कराचीपर्यंत हवाई मार्ग उघडला, तो आठवडाभराचा होता, पण दिवसा उडावे आणि रात्री उतरून मुक्काम करावा अशी त्याची रीत असल्यामुळे प्रवासी मोठे जेवण जमिनीवर, त्या त्या गावच्या वेळेला, टेबलाशी बसून जेवत. इराणच्या आखातावरील शारजा येथे या प्रवाशांसाठी चक्क किल्ल्याच्या घाटाचे विश्रामगृह बांधले होते आणि ते आजही उभे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर आपले चिमुकले विमान उतरवले, ते याच मार्गाने विलायतेहून आलेले टपाल पुढे नेण्यासाठी. त्याही आधीपासून बॅलार्ड पिअरवरून आगबोटीने विलायतेला जाणाऱ्यांची व्यवस्था तर याहून सौम्य होती. दोन-तीन आठवड्यांच्या त्या जलप्रवासात बोटीवरचे घड्याळ थोडे थोडे मागे सारले जाई, आणि मुंबई व लंडन यांच्यामधील साडेपाच तासांची तफावत अशा हप्त्यांनी फेडली जात असल्यामुळे न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण या तिन्ही घंटा शरीराला न खुपता वाजत राहत.

८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनीव्हा या मार्गाने लंडनला निघाले, तेव्हाही वाटेतील मुक्कामांनी प्रवाशाला पाय मोकळे करण्याची आणि भवतालच्या दिवस-रात्रीशी ओळख ठेवण्याची संधी दिली. पण १९६० मध्ये एअर-इंडियाकडे बोइंग ७०७ आले, त्याच वर्षी १४ मे रोजी तिची सेवा लंडनवरून न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली, आणि येथल्या प्रवाशाचा वेग सूर्याच्या बरोबरीचा झाला. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. साठाव्या अक्षवृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने फिरतो आणि जेट विमान ताशी नऊशेच्या आसपास जाते; म्हणून उत्तरेच्या त्या पट्ट्यातून पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशाला संध्याकाळ असेल तर ती सरत नाही आणि रात्र असेल तर ती संपत नाही. सहस्रावधी वर्षे ज्या सूर्याने मनुष्याच्या ताटाची वेळ सांगितली तो असा एका जागी थबकल्यावर वेळ सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी जाणारच, आणि ते प्रवासाच्या वेळापत्रकाकडे गेले.

शरीर मात्र वेळापत्रक वाचत नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या थोडे वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाच्या आधारे तो साऱ्या देहाची दिनचर्या चालवतो. परंतु हे एकच घड्याळ आपल्या अंगी आहे असे नाही. यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबीच्या पेशी, या सर्वांत आपापली घड्याळे चालू असतात. पेशींतील या घड्याळाची जनुकीय रचना फळांवरील माशीत शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातील मर्माची गोष्ट अशी की, मेंदूचे घड्याळ प्रकाशावर लागते, तर पोटाकडची घड्याळे पुष्कळ अंशी अन्नावर लागतात. इंग्लंडमधील सरे विद्यापीठात झालेल्या आणि २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा निरोगी तरुणांची तिन्ही जेवणे पाच-पाच तास पुढे ढकलली, आणि सहा दिवसांनी पाहिले तो त्यांच्या रक्तातील साखरेचा दैनंदिन चढउतार साडेपाच तासांहूनही अधिक पुढे सरकलेला होता, मेंदूच्या घड्याळाचे निदर्शक जे मेलाटोनिन ते मात्र जागचे हललेले नव्हते. एकाच देहातील दोन घड्याळे अशा रीतीने निरनिराळी वेळ दाखवू लागतात. दूरच्या प्रवासानंतर आपल्याला जी अवघडलेली, ना झोप ना जाग अशी ग्लानी येते, जिला आज सगळेच जेट लॅग म्हणतात, तिच्यात या विसंवादाचा वाटा मोठा असतो. आणि म्हणून विमानात अन्न केव्हा दिले जाते याला काय दिले जाते याच्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व आहे.

पहाटे तीन-चारची वेळ तर पचनाला सर्वांत प्रतिकूल. त्या वेळी जठर संथपणे रिकामे होते आणि रक्तातील साखर आवरण्याची शक्ती क्षीण असते. त्यात विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. आठ हजार फुटांच्या हिशेबाने पोटातील वायू सुमारे एक-तृतीयांशाने फुगतो, आणि बसल्या जागी हालचाल तर जवळजवळ नाहीच. वांगे, राजमा, छोले यांनी भरलेले पोट घेऊन झोपू पाहणाऱ्या वृद्धाला जो त्रास होतो तो वयाचा नव्हे. दाब आणि वेळ या दोहोंचा तो संयुक्त परिणाम होय. हवेतील कोरडेपणा आणि सततचा घोंगावणारा आवाज यांनी जिभेची मिठाची आणि गोडाची जाणीवही मंदावते, म्हणून विमानातील पदार्थांत मसाला चढा ठेवतात. अवेळी पोटात जाणारे ते अन्न तिखट-खारटही अधिक असते, एवढेच येथे नमूद करतो.

शरीराच्या घड्याळाची सत्ता किती दूरवर पोहोचते याचा एक विलक्षण दाखला विमानवाहतुकीच्या इतिहासात नोंदलेला आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये जपान एअरलाइन्सचे एक जम्बो विमान टोकियोहून अलास्कातील अँकरेज आणि नंतर कोपनहेगन या मार्गाने पॅरिसला निघाले होते. कोपनहेगनला उतरण्यापूर्वी शिरस्त्याप्रमाणे युरोपच्या सकाळची न्याहारी म्हणून हॅम आणि ऑम्लेट वाटण्यात आले. अँकरेजच्या मुदपाकखान्यातील एका स्वयंपाक्याच्या बोटांवर पिकलेल्या जखमा होत्या, हॅम हाताळताना त्यांतील जंतू अन्नात उतरले होते, आणि ते अन्न पुरेशा थंडाव्यात ठेवलेले नसल्यामुळे त्यांचे विष त्यात साठले होते. ३४४ प्रवाशांपैकी १९६ जण आणि एक परिचारिका यांना वांत्या-जुलाब सुरू झाले आणि शंभराहून अधिक लोकांना कोपनहेगनच्या इस्पितळांत दाखल करावे लागले. वैमानिक मात्र धडधाकट राहिले, आणि त्याचे कारण असे की, ते अँकरेज येथे विमानात चढलेले होते, त्यांच्या शरीराला ती वेळ सकाळची वाटतच नव्हती, अलास्काच्या हिशेबाने ती रात्रीच्या जेवणाची होती, आणि म्हणून त्यांनी ऑम्लेट न घेता मांसाचे जेवण घेतले होते. न्याहारीच्या हुकुमाप्रमाणे तेही ऑम्लेट जेवते तर ते विमान सुखरूप उतरवण्यास कोण शुद्धीवर राहिले असते, या कल्पनेने अंगावर शहारा येतो. दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये या दंडकाचे महत्त्व सांगताना हा प्रसंग नेहमी सांगतात. मला त्यात याहून मोठी गोष्ट दिसते, ती ही की, साऱ्या विमानात आपापल्या देहाच्या घड्याळाने जेवण्याची मुभा ज्यांना होती असे ते मोजके लोक होते.

आता या एकसारख्या शिरस्त्याचा परिणाम निरनिराळ्या दिशांना कसा निरनिराळा होतो ते पाहू. समजा, उन्हाळ्यात एक विमान मुंबईहून रात्री दीड वाजता थेट न्यूयॉर्ककडे निघाले. तीन वाजता जेवण आले. आपल्या देहाला ही अवेळ खरी, पण न्यूयॉर्कमध्ये त्या क्षणी आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेपाच वाजले आहेत. ज्या गावी जायचे त्या गावच्या हिशेबाने हे रात्रीचे जेवण थोडेसे लवकर, पण योग्यच आहे. त्यानंतर बारा तासांनी दुसरे जेवण येते तेव्हा तेथे पहाटेचे साडेपाच झालेले असतात, आणि आठाला विमान उतरते. म्हणजे रात्रीचे जेवण, लांब रात्र आणि न्याहारी, असा न्यूयॉर्कचा पुरा क्रम या प्रवासात, कोणी मुद्दाम न योजताही, साधला जातो. परंतु हाच शिरस्ता त्याच रात्री अडीच वाजता सुटणाऱ्या फ्रँकफुर्टच्या विमानाला लावा. पहिले जेवण चारच्या सुमारास येईल. त्या वेळी फ्रँकफुर्टमध्ये मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास झालेला असेल. निघालेल्या गावी पहाट, पोहोचायच्या गावी मध्यरात्र. दोन्ही गावांच्या घड्याळांत त्या जेवणाला जागा नाही. दुसरे जेवण साडेनवाला, म्हणजे फ्रँकफुर्टच्या सकाळी सहाला, येते आणि ते मात्र दोन्हीकडे शोभते. मधल्या काळात प्रवाशाला जेमतेम चार तासांची झोप मिळते. पहिले जेवण नसते तर ती साडेसहा-सात तासांची झाली असती. न्यूयॉर्कहून परत येताना तर क्रम पुरता उलटतो. रात्री नऊला तेथून निघालेल्या विमानात साडेदहाला रात्रीचे जेवण देतात, तेव्हा मुंबईत सकाळचे आठ वाजलेले असतात. आणि चौदा तासांचा प्रवास सरत आला असता न्याहारी म्हणून उपमा किंवा ऑम्लेट पुढे करतात, तेव्हा मुंबईत दिवेलागणीची वेळ असते. पूर्वेकडचा प्रवास देहाला मुळातच जड जातो, कारण मनुष्याच्या आतल्या घड्याळाचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असल्याने त्याला मागे रेंगाळणे सोपे आणि पुढे धावणे कठीण असते. अशा वेळी जेवणाचा क्रम उलटा ठेवून त्या अडचणीत भर का घालावी, हे मला समजत नाही.

हा क्रम बदलता येतो याचे प्रमाण आता उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने मार्च २०१८ मध्ये पर्थ ते लंडन ही सुमारे सतरा तासांची थेट सेवा सुरू केली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कहून सिडनीपर्यंत कोठेही न थांबता १९ तास १६ मिनिटांचा प्रवास करून पाहिला. सिडनी विद्यापीठाच्या चार्ल्स पर्किन्स केंद्रातील संशोधक त्या प्रवासात सामील होते. विमान रात्री न्यूयॉर्कहून सुटले. नेहमीच्या दस्तुराप्रमाणे जेवण देऊन दिवे घालवायला हवे होते. तसे न करता घड्याळे चढतानाच सिडनीच्या वेळेला लावायला सांगितली, आणि तेथे भर दुपार असल्याने पहिले सहा तास दिवे लख्ख ठेवून, मिरची-मसाल्याचे जेवण देऊन प्रवाशांना जागे ठेवले. सिडनीत रात्र झाली तेव्हा झोप आणणारे, पिष्टमय पदार्थांचे जेवण दिले आणि मगच अंधार केला. पुढे प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, या बदललेल्या क्रमाने प्रवास केलेल्यांना जेट लॅगचा त्रास कमी झाला, विमानातील झोप बरी लागली आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांची बुद्धीही अधिक तरतरीत राहिली. प्रयोगातील माणसे थोडी होती, हे खरे. तथापि त्यात कोणतेही नवे यंत्र लागले नाही, मुख्यतः दिव्यांची आणि ताटांची वेळ हलवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भट्टी तीच, ट्रॉली तीच. फरक मुख्यतः गावचे घड्याळ विचारून ती केव्हा बाहेर काढावी याचाच.

काही प्रवाशांच्या बाबतीत तर वेळ हाच अन्नाचा मुख्य धर्म असतो. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचे व्रत पाळणाऱ्या जैन कुटुंबांची मुंबई-पुण्यात मोठी वस्ती आहे, आणि विमान कंपन्या कंदमुळे वर्ज्य केलेले जैन भोजन आधी सांगितल्यास आवर्जून देतात. पण ते भोजन पहाटे तीनला आले तर व्रतस्थ माणसाला त्याचा काय उपयोग? हिवाळ्यात मुंबईहून मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्ककडे निघालेल्या विमानाचा जवळजवळ सारा प्रवास अंधारातूनच होतो. मुंबईच्या सायंकाळी सहाला जेवून उठलेला असा प्रवासी न्यूयॉर्कचा सूर्योदय पाहीपर्यंत तेवीस-चोवीस तास निराहार राहतो, आणि त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेले अन्न तसेच परत जाते. रमजानच्या रोजाचा प्रश्न याच जातीचा. उंचीवरून सूर्य जमिनीपेक्षा उशिरा मावळताना दिसतो, आणि रोजा सोडायचा तो विमानातून दिसणाऱ्या सूर्यास्ताला. एमिरेट्स कंपनी त्यासाठी विमानाचे अक्षांश, रेखांश आणि उंची यांवरून ती वेळ काढते आणि रोजेदारांना इफ्तारीची पेटी देते. श्रद्धेसाठी एवढा बारकाईचा बंदोबस्त होऊ शकतो, तर तो अधिक लोकांसाठी करण्यात अशक्य असे काही नाही.

मधुमेहींची गोष्ट याहून निकडीची. इन्सुलिन घेणारा प्रवासी घरच्या सवयीने, ट्रॉली दूरवर दिसताच सुई टोचून घेतो, आणि नेमकी त्याच वेळी हवा खवळून पट्टे बांधण्याचा इशारा होतो, परिचारकांना ट्रॉल्या मागे न्याव्या लागतात आणि जेवण अर्धा-पाऊण तास लांबते. रक्तातील साखर घसरून घेरी येण्यास एवढा विलंब पुरतो. जेवणाबरोबर घ्यायचे जलद गुणाचे इन्सुलिन ताट प्रत्यक्ष पुढ्यात आल्यावाचून घेऊ नये, औषधाच्या वेळा बदलत्या घड्याळाशी कशा जुळवाव्यात हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि जवळच्या पिशवीत दशम्या, खाकरे, साखरेच्या वड्या असे काहीतरी असावे, एवढी काळजी प्रत्येक मुलाने आणि मुलीने आपल्या आईवडिलांना विमानात बसवताना घेतलीच पाहिजे. फळे मात्र अमेरिकेत उतरण्यापूर्वी संपवावी; तेथील कस्टम्सचे अधिकारी ती आत नेऊ देत नाहीत.

आपल्या भुकेच्या वेळी जेवण्याची मुभा विमानात मुळीच नसते असे नाही. ती विकत मिळते. कतार एअरवेजच्या बिझनेस क्लासमध्ये प्रवासी मागेल त्या वेळी जेवण देण्याची पद्धत आहे, आणि ब्रिटिश एअरवेजने न्यूयॉर्कहून रात्री निघणाऱ्या बिझनेस क्लासच्या प्रवाशांना विमानतळावरच्या दालनात आधी जेवू घालून विमानात सरळ झोपू देण्याची सोय केली होती. ज्यांना अंग पसरून निजायला बिछाना मिळतो त्यांच्या झोपेची एवढी कदर व्हावी, आणि जे ताठ पाठीच्या आसनावर कशीबशी डुलकी घेतात त्यांना पहाटे चारला दिवे लावून उठवावे, हे तारतम्य मला मान्य करवत नाही. झोप जितकी दुर्मिळ, तितकी ती अधिक जपली पाहिजे. मागच्या तीनशे आसनांवर प्रत्येकाची मर्जी सांभाळता येणार नाही, हे भट्ट्यांचा हिशेब पाहिल्यावर कोणीही कबूल करील. परंतु मुंबईहून युरोपकडे मध्यरात्रीनंतर निघणाऱ्या विमानात पहिल्या वेळी केवळ दूध, सूप किंवा एखादा हलका पदार्थ देऊन खरे जेवण उतरण्यापूर्वी द्यावे, पूर्वेकडे परतणाऱ्या विमानात न्याहारी आणि रात्रीचे जेवण यांची अदलाबदल करावी, आणि दोन्ही जेवणांच्या अपेक्षित वेळा पोहोचायच्या गावच्या घड्याळाने तिकिटावर छापाव्यात, यासाठी एकही जादा भट्टी लागत नाही. विशेष भोजनाची मागणी बहुतेक कंपन्या चोवीस तास वा त्याहून आधी नोंदवून घेतातच; त्याच ठिकाणी, पहिल्या जेवणासाठी मला उठवू नये, असे नोंदवण्याची एक चौकट वाढवली तर मुदपाकखान्यालाही किती अन्न चढवावे याचा अंदाज येईल आणि फेकून द्यावे लागणारे अन्न घटेल.

तोपर्यंत प्रवाशाने आपल्या हाती आहे तेवढे करावे. काही कंपन्या ‘जेवणासाठी उठवा’ किंवा ‘झोपमोड करू नका’ अशा चिठ्ठ्या आसनावर लावण्यासाठी देतात. त्या नसतील तर आसनावर बसताच, विमान अजून जमिनीवर असताना, जवळच्या परिचारिकेला सौजन्याने सांगावे की, आपण आता झोपणार आहोत आणि जेवण नंतर घेऊ. हे सांगण्याची वेळ महत्त्वाची आहे; भट्टी पेटण्यापूर्वी कळले तर आपले पात्र शीतपेटीत राहू शकते आणि आपण जागे झाल्यावर तापवून मिळू शकते; एकदा तापवलेले पात्र मात्र, कितीही विनवले तरी, काही तासांनी पुन्हा देण्याची परवानगी कोणत्याही परिचारिकेला नसते.